निरोगी बायकांची रांग

माझ्या सासूबाई, दुर्गाबाई पागे, यांच्या हाताला गोडाची चव होती. उज्जैनच्या मराठी घरांत लग्न किंवा मुंज ठरली की मांडववाल्याच्या आधी त्यांना निरोप जायचा. पाग्यांचे कुणी पूर्वज शिंद्यांच्या घोड्यांच्या पागेवर होते म्हणतात. घोडे कधीच गेले, आडनाव तेवढं राहिलं. माझे सासरे श्रीनाथराव सुभ्याच्या, म्हणजे संस्थानच्या जिल्हा अधिकाऱ्याच्या, कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं राज्य झालं, कचेरीवरची पाटी बदलली आणि ते त्याच खुर्चीवर बसून नव्या सरकारचे कागद लिहू लागले.

मी या घरात आले ती नंतर, अठ्ठावन्न साली. त्याआधीचं जे सांगते आहे ते सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं, आणि थोडं डॉक्टर दिघ्यांकडून.

सासऱ्यांना नवी चप्पल चावली, एवढंच निमित्त झालं. अंगठ्याजवळची जखम काही भरेना. हळद लावली, लेप लावले, कुणीतरी सांगितलेला पाला बांधला. दवाखान्यात नेलं तेव्हा पाऊल काळं पडायला लागलं होतं. लघवीत साखर निघाली. इंदूरला पाय कापावा लागला, पुढे इंजेक्शनं सुरू झाली आणि गोड बंद करायला सांगितलं. पण घरी आल्यावर ते अंथरुणात पडल्या पडल्या म्हणायचे, "दुर्गे, एक बेसनाचा लाडू. अर्धा चालेल." त्या नाही म्हणायच्या. ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मग त्या अर्धा द्यायच्या.

एक्कावन्न सालच्या पावसाळ्यात ते गेले. तेराव्याला आलेली सासूबाईंची एक नणंद पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वहिनीच्या हातचं गोड खाऊनच गेला माझा भाऊ." कुणी तिला गप्प केलं नाही. सासूबाईंनी हातातलं वाढायचं पातेलं खाली ठेवलं आणि त्या दिवसापासून गोड रांधणं सोडलं. खाणंही सोडलं. साखर, गूळ, फळ, काही नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. लग्नकार्यांना नाही म्हणून कळवलं आणि फ्रीगंजमधल्या नोकरदार पोरांचे डबे करायला लागल्या. माझा नवरा, जयंत, तेव्हा शाळेत शेवटच्या वर्षाला होता.

पंचावन्न साली डॉक्टर मधुकर दिघे उज्जैनच्या सरकारी दवाखान्यात बदलून आले. मुंबईला शिकलेले, बारीक अंगाचे, बोलताना चष्मा पुसायची सवय असलेले. त्यांनी सरकारकडून मधुमेहावर छोटंसं संशोधन करायची परवानगी आणली होती. मध्यभारताला तेव्हा दोन राजधान्या होत्या, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. डॉक्टर म्हणायचे, माझा कागद सरकारबरोबर दोनदा प्रवास करून आला. दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्यांना दोन खोल्या, एक छोटी प्रयोगशाळा आणि एक स्वयंपाकघर मिळालं.

त्यांचा प्रश्न साधा होता. साखरेच्या रोग्याने काय खावं हे तेव्हा विलायती पुस्तकांतून सांगितलं जायचं: अंडी, मांस, लोणी, पावाचा मोजका तुकडा. आता माळव्यातल्या शाकाहारी माणसाने त्याचं काय करायचं? तो घरी जाऊन आपला दाल-बाफले, डाळीबरोबर तुपात बुडवलेले कणकेचे गोळेच, खायचा. डॉक्टरांना पाहायचं होतं की इथलीच ज्वारी, चणे, जव, मेथी, गिलकी म्हणजे घोसाळी, दही असं मापात दिलं तर रक्तातली साखर किती उतरते. त्यासाठी रोग्यांना काही महिने दवाखान्यात ठेवून रोज मोजून जेवू घालायचं होतं.

पण स्वयंपाकी टिकेना. पहिला महाराज म्हणाला, मी काय सोनार आहे का पीठ तोलायला, आणि निघून गेला. दुसरा दयाळू होता. रोग्यांचे चेहरे बघून तो डाळीत चोरून तूप सोडायचा. डॉक्टरांचा कंपाउंडर सुहास आमच्याकडून डबा घ्यायचा. त्याने सासूबाईंचं नाव सुचवलं.

त्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि आधीच सांगून टाकलं, "डॉक्टरसाहेब, माझ्या हातचं खाऊन माझा माणूस गेला असं लोक म्हणतात. चालेल का तुम्हाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "त्यांचा आजार कधी कळला?"

"पाऊल काळं पडलं तेव्हा."

"मग तो त्याच्या किती वर्षं आधीपासून अंगात असणार. तुमचा लाडू नंतरचा."

"खात्रीने सांगता?"

"खात्रीने मी काहीच सांगत नाही, बाई. खात्री असती तर दोन खोल्या मागून घेऊन स्वयंपाकीण कशाला शोधली असती?"

सासूबाई म्हणायच्या, डॉक्टरने मला धीर दिला असता तर मी घरी परत आले असते. त्याने आपल्याला माहीत नाही असं सांगितलं, म्हणून राहिले.

ते काम त्यांनी मन लावून केलं. पीठ तोलायचं, भाकरी भाजून झाली की पुन्हा तोलायची, पानात उरलेलं तोलायचं. तेल चमच्याने. यात चव आणायची म्हणजे परीक्षाच. त्यांनी लसूण, ओवा, कोथिंबीर, लिंबू, भाजलेलं जिरं यांवर सगळा भार टाकला. हिरव्या चण्यांची उसळ, मेथीचे मुटके, ज्वारीच्या पिठाचं ताकातलं पातळ. पहिल्या आठवड्यात रोगी पानाकडे बघून सुस्कारे टाकायचे. नंतर एकजण म्हणाला, "बाई, ही भाजी माझ्या बायकोला शिकवाल का?" तेव्हा त्या जरा सुखावल्या.

रोग्यांमध्ये एक बद्रीगुरू होते. शिप्रेच्या घाटावरचे पंडे. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. जन्मभर यजमानांकडची पंगत खाल्लेली. पहिल्या दिवशी भाकरी उलटसुलट करून बघत ते म्हणाले, "बई, यो कई है? इसमें घी की बूँद भी नी?"

"गुरुजी, घी बाहर के लोगों के लिए है," सासूबाई म्हणाल्या. "आप तो अंदर के हैं."

पुढे डॉक्टरांना तुलनेसाठी निरोगी माणसं हवी झाली. रोग नसलेल्या, त्याच वयाच्या लोकांची साखर कशी चढते-उतरते हे मांडल्याशिवाय रोग्यांच्या आकड्यांना अर्थ नव्हता. पुरुष मिळाले. कचेरीतले, शाळेतले मास्तर असे काहीजण आले. बायका काही येईनात. सकाळी उपाशीपोटी यायचं, ग्लुकोज घातलेलं लिंबूपाणी प्यायचं आणि मग थोड्या थोड्या वेळाने दंडातून रक्त द्यायचं. एवढं रक्त काढतात म्हणे, विकतात म्हणे, अशा गोष्टी माधवनगरात पसरल्या.

सासूबाईंनी आपल्या ओळखीच्या बायकांना गोळा करून आणलं. डबे धुणारी गेंदाबाई, शाळेतल्या प्रतिभाबाई, शेजारच्या जयूमावशी, आणखी काहीजणी. सगळ्या व्हरांड्यात बाकावर बसल्या आणि कुणी पुढे होईना. तेव्हा सासूबाईंनी पदर खोचला.

"मी बसते आधी. बघा मी मरते का. मी मेले तर तुम्ही घरी जा."

बायका हसल्या. त्या आत गेल्या, दंड पुढे केला. लिंबूपाण्याचा पेला तोंडाला लावताना मात्र थांबल्या. चार वर्षांत गोड जिभेवर ठेवलं नव्हतं. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं, त्यांना वाटलं सुईची भीती. त्या म्हणाल्या, "काही नाही," आणि डोळे मिटून पेला रिकामा केला. नंतर बाहेर येऊन दंडावरचा कापूस सगळ्यांना दाखवला. एकेक करून सगळ्या बायका आत गेल्या.

दोन दिवसांनी डॉक्टर स्वतः स्वयंपाकघरात आले. एरवी ते सुहासला पाठवायचे.

"दुर्गाबाई, तुमचं रक्त पुन्हा एकदा घ्यावं लागेल."

"का हो? बाटली फुटली?"

"नाही. आकडा नीट बसत नाही."

दुसऱ्यांदा घेतलं. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. त्या त्यांच्यासमोर कधी बसत नसत. मग डॉक्टरांनी सांगितलं की साखर तुम्हालाही आहे. फार नाही, पण आहे. रात्री पाणी प्यायला उठता का? उठायच्या. चुलीच्या आचेने घसा सुकतो असं समजायच्या. थकवा येतो का? वयाने येतो असं समजायच्या.

सासूबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्या निरोगी बायकांच्या रांगेत नाही."

"नाही."

"मग तिथे एक जागा रिकामी झाली. कुणाला आणू?"

डॉक्टर पुढे मला म्हणाले, रोग्याला धीर द्यायची वाक्यं माझ्याकडे होती, पण या बाईने ती वापरायची सोयच ठेवली नाही.

दारापर्यंत गेल्यावर त्या परत वळल्या. आता आवाज निराळा होता.

"डॉक्टरसाहेब, हे गेल्यापासून मी साखरेचा कण खाल्ला नाही. केळंसुद्धा नाही. त्या लिंबूपाण्याआधी चार वर्षं नाही. मग मला का?"

"खाण्याने होतं तेवढंच असतं तर तुम्हाला झालं नसतं," डॉक्टर म्हणाले. "घराण्यात असतं, शरीरात काही बिघडतं, वजन, वय... यातलं कुठलं किती, ते अजून कुणाला नीट माहीत नाही."

"म्हणजे ते अर्धे लाडू..."

"चांगले नव्हते. पण त्यांनी रोग आणला नाही."

त्या टॉवर चौकातून भर दुपारी चालत घरी आल्या. आकाशवाणीवर बातम्या चालल्या होत्या, दुकानांपुढे गर्दी होती, टांगेवाले ओरडत होते, आणि त्यांना, त्या सांगायच्या, काही ऐकूच येत नव्हतं. घरी येऊन सासऱ्यांच्या फोटोपुढे बसल्या आणि खूप रडल्या. स्वतःच्या आजारासाठी नव्हे. नवरा गेला तेव्हा लोकांसमोर गुन्हेगारासारख्या कोरड्या बसल्या होत्या, ते रडणं राहून गेलं होतं. जयंत कॉलेजातून आला आणि घाबरून गेला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "आई, ही नोकरी सोड आता. कल से मत जा."

"वेडा आहेस. आता तर मला तिथेच जायला हवं. माझं जेवण तिथे शिजतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्वारीचं पीठ एका माणसाचं जास्त तोललं.

त्यांच्या मागून जयूमावशींच्याही रक्तात साखर निघाली, आणि प्रतिभाबाईंच्याही. धडधाकट म्हणून बोलावून आणलेल्या. जयूमावशी दोन महिने सासूबाईंशी बोलल्या नाहीत. तुझ्यामुळेच मला हे लागलं, म्हणायच्या.

इकडे बद्रीगुरूंचा आकडा काही उतरत नव्हता. बाकीच्यांची साखर हळूहळू खाली येत होती, यांची एक दिवस खाली, दोन दिवस वर. डॉक्टर हैराण. आपल्या जेवणातच काही चुकतंय का, या विचाराने ते पुन्हा पुन्हा मापं तपासत होते. एका संध्याकाळी सासूबाई ताट उचलायला गेल्या तर गुरूंच्या उशीखालून पेढ्याचा चुरा सांडला होता. गावोगावचे यजमान गुरूंना भेटायला यायचे आणि रिकाम्या हाताने कोण येणार? महाकालाचा प्रसाद, मंगलनाथाचा प्रसाद.

"गुरुजी, ये क्या है?"

गुरूंचा मोठा आवाज एकदम लहान झाला. "प्रसाद है, बई. प्रसाद को ना कैसे कहूँ? जिंदगीभर दूसरों को दिया है. मैं ही ना कहूँ तो यजमान क्या सोचेगा?"

सासूबाई त्यांच्या पलंगाजवळ जमिनीवर बसल्या. आपल्या नवऱ्याची सगळी गोष्ट त्यांनी गुरूंना सांगितली. पाय, लाडू, भिंतीकडे फिरवलेलं तोंड. घरच्यांनाही इतकी सांगितली नव्हती. मग म्हणाल्या, "मुझे भी यही बीमारी है, गुरुजी. आज से मैं आपकी पंगत में हूँ. मैं आपके हाथ से पेढ़ा नहीं छीनूँगी. मैंने एक को अपने हाथ से दिया, दूसरे से छीनूँ, ये मुझसे नहीं होगा. लेकिन डॉक्टरसाहेब हिसाब लिख रहे हैं कि ये खाना काम करता है या नहीं. आपके पेढ़े से उनका लिखा झूठ हो जाएगा. फिर वो झूठ सब बीमारों को लगेगा."

गुरू बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले. दोन्ही पाय होते.

सकाळी ते आपणहून डॉक्टरांच्या खोलीत गेले. तिथून डॉक्टरांचा चढलेला आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला, तो त्या दवाखान्यात पहिल्यांदाच. महिन्याभराचे आकडे खोडावे लागले. गुरूंना घरी पाठवायचं असं डॉक्टरांनी ठरवलंही होतं. पण गुरू म्हणाले, "पहले दिन से गिनो, डॉक्टरसाब. अब मैं ईमान से खाऊँगा." पुढे यजमान आले की ते प्रसाद कपाळाला लावायचे, डोळ्यांना लावायचे आणि यजमानाच्याच मुलांना वाटून टाकायचे. महिन्याभरात त्यांचा आकडा इतरांसारखा खाली यायला लागला. परीक्षानळीतलं निळं औषध त्यांची लघवी घालून उकळल्यावरही निळंच राहिलं, म्हणजे साखर नाही, त्या सकाळी ते वॉर्डभर ती नळी सगळ्यांना दाखवत फिरले.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात मध्यभारत संपला. मध्यप्रदेश नावाचं मोठं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली. सगळं नव्याने मांडायचं होतं, त्यात दोन खोल्यांच्या संशोधनाची आठवण कुणाला असणार? डॉक्टर दिघ्यांची बदली बिलासपूरला झाली. वॉर्डाच्या खोल्या दुसऱ्या कामाला गेल्या. शेवटच्या दिवशी डॉक्टर रोग्यांच्या पंगतीत बसून ज्वारीची भाकरी आणि गिलकीची भाजी जेवले. बद्रीगुरूंनी श्लोक म्हटला.

जेवणानंतर सासूबाईंनी विचारलं, "अर्ध्यावरच मोडलं. फुकट गेलं का हो सगळं?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "जेवणाचं म्हणाल तर अर्धंच राहिलं. एवढ्याशा माणसांवरून ठामपणे काही लिहिता येणार नाही. मी तसं लिहिणारही नाही. पण निरोगी समजून बोलावलेल्या इतक्याशा बायकांत तिघी निघाल्या. हे मी शोधायला निघालोच नव्हतो. आता जिथे जाईन तिथे आजारी लोकांपेक्षा आधी धडधाकट लोकांना तपासायचं म्हणतो."

आणि त्यांनी ते केलं. बिलासपुरात, मग रायपुरात, शाळांत, कचेऱ्यांत, रेल्वे कॉलनीत. चौसष्ट साली उज्जैनला आले होते तेव्हा आमच्या ओसरीवर बसून त्यांनी हे सगळं सांगितलं. केस पांढरे झाले होते. अजूनही खात्रीने काही सांगत नव्हते.

मी लग्न होऊन आले त्याच्या चौथ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात एक बाटली दिली आणि सकाळची लघवी आणायला सांगितली. मी देवासची, चारचौघींत वाढलेली. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या व्हरांड्यात त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, नळीत निळं औषध घातलं, वर थेंब सोडले आणि नळी ज्योतीवर धरली. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिला. श्वास रोखून बघत होत्या. रंग निळाच राहिला. त्यांनी नळी खाली ठेवली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. त्या घरात माझी लाज मोडली ती तिथे.

मोहल्ल्यात मात्र त्यांचा दराराच होता. हळदीकुंकवाला गेल्या की भर घोळक्यात एखादीला विचारायच्या, "काय ग, रात्री पाण्याला उठतेस का? जखम भरायला वेळ लागतो का?" बायका तोंड चुकवायच्या. पलीकडच्या शैलावहिनी तर एकदा चिडून म्हणाल्या, "दुर्गाबाई, शुभ कार्यात तरी अशुभ बोलू नका." सासूबाईंनी उलट उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात शैलावहिनींच्या दारात जाऊन म्हणाल्या, "मी दवाखान्यात चालले आहे, एकटीला कंटाळा येतो, चला ना बरोबर." आणि घेऊन गेल्या. जयूमावशी तेव्हापर्यंत पुन्हा बोलायला लागल्या होत्या. त्याही पदर सावरत मागून निघाल्या. शैलावहिनींना काही निघालं नाही. येताना तिघी चौकात शेंगदाणे खात उभ्या होत्या, हे जयंतने सायकलवरून जाताना पाहिलं.

साखरेवरच्या गोळ्या उज्जैनच्या दुकानांत मिळू लागल्या तशा सासूबाईंनी त्या घेतल्या. नजर शेवटी अधू झाली. पीठ तोलता येईना, तेव्हा मी तोलायचे आणि त्या बोटांनी चाचपून "थोडं जास्त झालं" म्हणायच्या. बहुतेक वेळा मापात असायचं, तरी मी चिमूटभर काढायचे.

एकाहत्तरच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. तापात असताना जयंतने विचारलं, "आई, काही खावंसं वाटतं का?" त्या म्हणाल्या, "बेसनाचा लाडू. अख्खा." जयंतने माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेले, बेसन भाजलं, साखर घातली. त्यांनी त्यातला चिमणीच्या चोचीएवढा घास घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि म्हणाल्या, "बेसन कच्चं राहिलंय ग. अजून जरा भाजायला हवं होतं."

मी पुन्हा कढई चढवली. लाडू घेऊन आले तोवर त्या झोपल्या होत्या. सकाळी उठल्या तेव्हा त्यांनी दुसरा लाडू मागितला नाही, ज्वारीचं ताकातलं पातळ मागितलं, आणि ते मात्र वाटीभर घेतलं. त्यानंतर तीन दिवसांनी त्या गेल्या.